निवडणारे आणि फेडणारे

मराठीत आपण तांदूळ निवडतो, मेथी निवडतो, कॉलेजची शाखा निवडतो आणि जोडीदारही निवडतो. क्रियापद एकच. लहानपणी दुपारची जेवणं आटोपली की आजी पडवीत सूप घेऊन बसायची. मूठभर तांदूळ पुढे ओढायचा, खडा, साळ, किडका दाणा बोटाने कडेला सारायचा, उरलेला डब्यात. दुसऱ्या दिवशी पंगतीत कुणाच्या दाताखाली कच्चकन खडा आला की सगळ्या माना स्वयंपाकघराकडे वळायच्या. तो तांदूळ कुठल्या दुकानातला, किती स्वस्तात आणलेला, हे कुणी विचारत नसे. दुकान आजोबांनी निवडलेलं असे. खड्याचा बोल मात्र आजीला.

आयुष्यातल्या निवडी आणि त्यांचे परिणाम हा कवितेचा फार जुना विषय. त्याचा आढावा घ्यायला बसलो तर ते सूपच डोळ्यांपुढे येत राहिलं. निवड कुणी केली आणि खडा कुणाच्या नावावर लागला, हे दोन प्रश्न वेगळे ठेवून वाचलं की पाठ असलेल्या कवितासुद्धा निराळ्या दिसायला लागतात.

या विषयावरची जगात सर्वांत गाजलेली कविता रॉबर्ट फ्रॉस्टची, ‘द रोड नॉट टेकन’. आपल्याकडे ती शाळेच्या इंग्रजी पुस्तकातून आली आणि तिथून करिअर मार्गदर्शनाच्या तक्त्यांवर जाऊन बसली. रानात दोन वाटा फुटतात, प्रवासी त्यातली एक धरतो. लोक तिला धाडसाचं स्तोत्र समजतात. फ्रॉस्टने ती मित्राची थट्टा म्हणून लिहिली होती. इंग्लंडात राहत असताना तो आणि एडवर्ड थॉमस ग्लॉस्टरशायरमध्ये रानोमाळ भटकत. कुठलीही वाट धरली तरी दुसरी धरायला हवी होती म्हणून थॉमस हळहळत बसे. कविता 1915 मध्ये छापून आली. थॉमसला ती थट्टा वाटली नाही. त्याच वर्षी जुलैत तो सैन्यात भरती झाला. सदतीस वर्षांचा, तीन मुलांचा बाप. त्याच्यावर सक्ती नव्हती. 9 एप्रिल 1917 ला आरासच्या लढाईत तो मारला गेला. इथवरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. पुढची कमी सांगितली जाते. त्याची बायको हेलन थॉमस हिने 1926 मध्ये ‘अ‍ॅज इट वॉज’ आणि 1931 मध्ये ‘वर्ल्ड विदाउट एंड’ या दोन पुस्तकांत तो संसार लिहून ठेवला. निवडीवरची कविता फ्रॉस्टची, निवड थॉमसची, आणि हिशेब हेलनचा, तोही गद्यात. ही वाटणी ध्यानात ठेवावी. मराठीत ती पुन्हा पुन्हा भेटते.

रानातल्या फाट्यावर एकटाच उभा असलेला माणूस मात्र आपल्या कवितेत फारसा नाही. आपला माणूस उंबरठ्यावर उभा असतो. पाठीमागे घर, घरात माणसं, चूल पेटलेली नाहीतर विझलेली. रामदासांची कथाच घ्या. अंतरपाट धरलेला, भटजींच्या तोंडून ‘सावधान’ निघालं आणि बारा वर्षांचा नारायण बोहल्यावरून पसार झाला, असं परंपरा सांगते. पुढे नाशिकजवळ टाकळीचं तप, देशभर भ्रमण, मनाचे श्लोक, दासबोध. आजही लग्नात तो शब्द आला की एखादा काका रामदासांचं नाव घेऊन नवरदेवाला चिडवतोच. अंतरपाटाच्या पलीकडे उभी असलेली मुलगी त्या कथेत पुढच्या वाक्यापर्यंतही टिकत नाही.

ज्ञानदेवांच्या घरची कथा याच्याही आधीची. वडील विठ्ठलपंत बायकोला आळंदीला ठेवून काशीला गेले, त्यांनी संन्यास घेतला, आणि गुरूच्या सांगण्यावरून परत येऊन संसार मांडला. जाणं त्यांचं, येणंही त्यांचं. ‘संन्याशाची पोरं’ हे नाव मात्र चार मुलांना चिकटलं. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, तरी मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणची वारी चुकली नाही, असं परंपरा सांगते. या सगळ्यातून मराठीला मिळालेली सर्वांत जिव्हाळ्याची रचना म्हणजे मुक्ताबाईचे ताटीचे अभंग. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव ताटी लावून आत बसले आणि धाकटी बहीण दाराशी उभी राहून त्यांची समजूत घालू लागली. ताटी म्हणजे कुडाचं साधं दार, लाथ मारली तर मोडेल असं. पण ते आतून लावून घेणं हीसुद्धा निवडच, जगाशी बोलणं बंद करण्याची. मुक्ताबाई तिला हरकत घेते. तिच्या सुरात वेदान्त आहे खरा, पण त्याखाली घर सांभाळणारी पोक्त बाई बोलते. वडिलांनी दाराबाहेर पाऊल टाकल्याची किंमत जिने मोजली, तिला भावाने दार लावून घेणं परवडणारं नव्हतं.

तरी या विषयावरचं मराठीतलं सर्वांत मोठं दफ्तर तुकोबांची गाथा. घर वाण्याचं, हाताशी दुकान, सावकारी, महाजनकी. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात दिवाळं वाजलं, थोरली बायको रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. हे सगळं आभाळातून कोसळलं; यात निवड कसली? ती त्यानंतर आली. लोकांकडून येणं असलेली खतं तुकोबांनी काढली, निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. सावकारानेच कर्जमाफी करून टाकली. ऋणकोंच्या घरी त्या दिवशी सण झाला असेल. तुकोबांच्या घरी दुसरी बायको होती, पुण्याच्या सधन घरातून आलेली जिजाई, आणि पोरं होती.

गाथेतल्या साडेचार हजारांच्या घरातल्या अभंगांत काही अभंग या जिजाईच्या तोंडचे आहेत. घर बुडवलं, दारात टाळकुट्यांची गर्दी जमवली, आता पोरांच्या तोंडात घालायचं काय, असा तिचा संताप तिच्याच बोलीत, तिच्याच शिव्यांसकट येतो. कीर्तनकारांनी पिढ्यान्‌पिढ्या तिला कर्कशा ठरवून हशे वसूल केले. मला हे अभंग गाथेतले सर्वांत धीट वाटतात. वैराग्याचं गुणगान कुणीही करील. त्या वैराग्यापायी जिच्या ताटातली भाकर गेली तिला आपल्याच वहीत बोलू देणं, तेही तिचा आवाज न सावरता, हे फार थोड्या कवींना जमलं आहे. तुकोबा तिला कधी टोमणा मारतात, कधी तिच्या कटकटीबद्दल देवाचे आभार मानतात, पण तिचं म्हणणं खोडत नाहीत. आणि शिव्या देत देत डोंगरावर नवऱ्यासाठी भाकरी घेऊन जाणारी म्हणून लोकांनी लक्षात ठेवली तीही हीच.

1650 मध्ये तुकोबा गेले. त्यानंतरचे कान्होबांचे अभंग गाथेतच सापडतात. बुडवायच्या खतांतली निम्मी ज्याच्या पदरात पडली होती तो हा भाऊ आता विठ्ठलाकडे वसुलीला जातो. भाऊ नेलास, परत आण, नाहीतर तुझी धडगत नाही, अशा भाषेत. त्या वेळी जिजाई गरोदर होती. बापाचं तोंडही न पाहिलेला तो मुलगा म्हणजे नारायणबाबा. 1685 मध्ये त्यांनी पादुका पालखीत ठेवल्या आणि पालखी सोहळा सुरू केला.

तुकोबांच्या शिष्या, शिऊरच्या बहिणाबाई (1628–1700) यांची गोष्ट उलट्या बाजूने वाचावी लागते. तिसऱ्या वर्षी लग्न, नवरा तिशीचा, वेदविद्या शिकलेला. हिच्या हातात निवडायला काहीच नव्हतं, आणि तरी हिने निवडलं: ब्राह्मणाची बायको असून देहूच्या वाण्याला गुरू मानलं, तेही स्वप्नात. आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत ती सगळं सांगते. कोल्हापूरचं कीर्तन, तिच्या मागे मागे फिरणारं वासरू, लोकांची कुजबुज, नवऱ्याची मारहाण, बांधून घालणं, आणि त्या वासराचं मरण. नवऱ्याने तिला टाकून जायचं ठरवलं, मग तो आजारी पडला, मन पालटलं, आणि दोघं देहूला गेली. तिचे पतिव्रताधर्मावरचे अभंग आजच्या वाचकाला खटकतात. मला त्यात शरणागतीपेक्षा वाटाघाट जास्त दिसते: गुरू मी माझा ठेवते, बाकी सगळं तुमचं. शेवटी मुलाला ती आपल्या आधीच्या बारा जन्मांची हकीगत सांगते. करावं तसं भरावं, हे एका जन्मात काही जुळेना, तेव्हा तिने खतावणीच तेरा जन्मांची केली.

केशवसुतांशी काळ बदलतो. ‘तुतारी’, ‘नवा शिपाई’ या कवितांत निवड पहिल्यांदा एकट्या माणसाची, छाती काढून केलेली अशी येते. पण त्या बंडाच्या दुसऱ्या दिवशी घरात काय होतं ते तिथे नाही. केशवसुत स्वतः तुटपुंज्या पगाराचे शिक्षक, 1905 मध्ये हुबळीला प्लेगने गेले.

दुसऱ्या दिवसाची गोष्ट टिळकांच्या घरात घडली. नारायण वामन टिळक, ‘वनवासी फूल’चे कवी, यांनी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. पुलावरून जाताना मागे राहिली ती लक्ष्मीबाई. सोवळ्या घरातली, नवऱ्याने अक्षरओळख करून दिलेली, पदरात लहान मूल. नवरा जिवंत आणि तरी संसार मोडलेला, अशी जवळजवळ पाच वर्षं तिने काढली. 1900 मध्ये तिनेही बाप्तिस्मा घेतला, स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वेळेला. टिळकांची कविता निष्ठेची, प्रांजळ आहे. ख्रिस्ताला मराठी अभंगात बसवणं हे लहान काम नव्हे. पण त्या निवडीचं वजन किती होतं हे समजायचं तर 1934 पासून भागाभागाने आलेली ‘स्मृतिचित्रे’ उघडावी लागतात. तिथे रडणं आहे, उपास आहेत, नातेवाइकांची तोंडं आहेत, आणि या सगळ्याच्या मधोमध नवऱ्याच्या वेंधळेपणाची अशी थट्टा आहे की वाचणाऱ्याला हसावं की थांबावं कळत नाही. टिळकांनी हाती घेतलेलं ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं होतं. तेही पुढे नेलं लक्ष्मीबाईंनीच.

सावरकरांच्या ‘माझे मृत्युपत्र’ या कवितेत तर फेडणारी व्यक्ती पत्त्याच्या जागीच आहे. 1910 मध्ये लंडनमध्ये अटक झाल्यावर लिहिलेली ही कविता वहिनीला, येसूवहिनींना, उद्देशून आहे. थोरले बंधू बाबाराव यांना आदल्या वर्षीच जन्मठेप झाली होती, आणि त्या खटल्याच्या मुळाशी होत्या छापलेल्या कविता! हे व्रत डोळे मिटून घेतलेलं नाही, घेतलं तेव्हाच त्याची किंमत माहीत होती, असं कवी वहिनीला बजावतो. राजकारण कुणाला पटो न पटो, जाणूनबुजून केलेल्या निवडीची इतकी सरळ कबुली मराठी कवितेत दुसरी दाखवणं कठीण. मात्र ती वाचताना माझं लक्ष कवीकडे राहत नाही, पत्र हातात धरलेल्या बाईकडे जातं. व्रत त्या दोघा भावांचं. नाशिकच्या घरात मागे राहिलेल्या येसूवहिनी त्या दोघांची अंदमानातून सुटका होण्याआधीच वारल्या.

बाईच निवडणारी झाली तर? कुसुमाग्रजांच्या ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ या, ‘विशाखा’ (1942) संग्रहातल्या कवितेत ती झाली आहे. पृथ्वीला मागणी घालणारे पुष्कळ आहेत, चंद्रापासून धूमकेतूपर्यंत. ती सगळ्यांना नकार देते आणि जो कधी जवळ येणार नाही त्या सूर्याचं अंतर पत्करते. मराठी घराघरांत ही कविता पाठ आहे, आणि का नसावी? नाकारण्याचा अधिकार असलेली नायिका आपल्या कवितेत तोवर कितीशी होती? पण एक खोट आहे. तिच्या निवडीची झळ तिच्याशिवाय कुणालाच लागत नाही, आणि कुणी तिला जाब विचारत नाही. आकाशात सासर नसतं.

जमिनीवर काय होतं ते पद्मा गोळे यांनी लिहिलं. त्यांची ‘लक्ष्मणरेषा’ चारदोन ओळींची म्हणावी इतकी लहान कविता. सीतेपुढे रेषा एकच होती. ती ओलांडली आणि पुढचं रामायण घडलं. आजच्या बाईच्या दाही दिशांना रेषाच रेषा आहेत, आणि तिला त्या ओलांडण्यावाचून गत्यंतर नाही. नोकरीला जायचं आहे, मुलाला शाळेत सोडायचं आहे, रात्री परतायचं आहे. रावणही भेटणारच. आणि इतकं होऊन सीतेला शेवटी मिळाली ती सुटकाही हिच्या नशिबात नाही, धरणी काही दुभंगत नाही. रेषा ओलांडणं ही निवड आहे असं सगळे समजतात. गोळे दाखवतात की ती रोजची उठाठेव आहे. बसच्या रांगेत उभी राहून सुचावी अशी ही कविता आहे, आणि माझ्या मते या विषयावर विसाव्या शतकात मराठीत इतक्या कमी शब्दांत इतकं नेमकं दुसऱ्या कुणी लिहिलेलं नाही.

खानदेशातल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना तर ऐन तिशीत वैधव्य आलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईची गाणी मुलगा सोपानदेव यांच्या पुढाकाराने उतरून ठेवली गेली आणि ती गेल्यावर 1952 मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक झाली. नशीब सांगायला आलेल्या ज्योतिष्याला ती दारातूनच वाटेला लावते, हे तिचं गाणं मला फार मोठं वाटतं. जे झालं ते तिने निवडलेलं नव्हतं. पण त्याचा अर्थ सांगायला दुसरा कुणी येणार नाही, एवढी निवड ती हातात ठेवते. बेळगावच्या इंदिरा संतांनी जोडीदार स्वतः निवडला, 1940 मध्ये दोघांचा मिळून ‘सहवास’ हा संग्रह निघाला, आणि सहा वर्षांत तो जोडीदार गेला. ‘शेला’, ‘मेंदी’, ‘मृगजळ’ यांत विरह ओतप्रोत आहे. पश्चात्तापाचा मात्र थेंब नाही.

मुंबईच्या कवितेत निवडीची जागाच आकसत जाते. मर्ढेकरांच्या पिंपातल्या उंदरांना ना जगण्याचा पर्याय ना मरण्याचा. नारायण सुर्वे यांची सुरुवातच दुसऱ्या कुणाच्या तरी निवडीने झाली: जन्मतः टाकून दिलेलं ते मूल गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी उचललं आणि आपलं नाव दिलं. एकाने टाकलं, एकाने घेतलं. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (1962) आणि ‘माझे विद्यापीठ’ (1966) या संग्रहांतली ऐट त्यातून आली आहे. ज्याला काहीच मिळालं नव्हतं त्याने शहर, रस्ता, संप, चळवळ हे सगळं आपलं म्हणून निवडलं. या ऐटीच्या मागे घर कोण चालवत होतं? कृष्णाबाई सुर्वे यांचं ‘मास्तरांची सावली’ वाचा. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने मराठी कवितेचा घसाच बदलला, याबद्दल वाद नाही. त्यांच्या संसाराची बाजू मात्र मल्लिका अमर शेख यांच्या ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (1984) मध्ये आहे, आणि ती स्वतः कसलेली कवयित्री असून हे तिला गद्यातच लिहावंसं वाटलं. पाडगावकरांची, कसं जगायचं ते तुम्हीच ठरवा असं सांगणारी कविता सभागृहांतून टाळ्या घेत राहिली. दोन पर्याय समोर, हवा तो उचला, जणू भाजीच्या टोपलीतून. मला ती कविता आवडत नाही असं नाही, पण तिच्यातला माणूस कुणालाच काही देणं लागत नाही. यशोदा पाडगावकरांच्या आत्मकथनाचं नाव आहे ‘कुणास्तव कुणीतरी’. लक्ष्मीबाई, कृष्णाबाई, मल्लिका, यशोदाबाई: निवड कवितेत आणि फेड आत्मचरित्रात, ही मराठी वाङ्मयाची जुनी सवय आहे. हेलन थॉमस आपल्याकडे घरोघर होत्या.

या सगळ्या हिशेबाला छेद देणारी एकच घटना. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात ते घडलं, लाखो माणसांसह. शतकानुशतकं इतरांच्या निवडीची किंमत भरत आलेल्या माणसांनी इथे स्वतः निवड केली, आणि किंमतही आपणच भरायची हे ठरवून केली. त्रेपन्नाव्या दिवशी बाबासाहेब गेले. मेलेली ढोरं ओढणं सोडलं म्हणून गावोगाव बहिष्कार पडले. बौद्ध झालेल्यांच्या केंद्र सरकारच्या अनुसूचित जातींच्या सवलती बंद झाल्या, त्या 1990 मध्ये कायदा बदलेपर्यंत. हा सगळा जमाखर्च ज्या कवितेत आहे ती बहुतेक छापील संग्रहांत नव्हतीच. ती जलशांत, भीमजयंतीच्या मंडपात, पेटी-ढोलकीवर होती. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (1922–2004) मोठेपणी अक्षरं शिकले आणि हजारो गाणी लिहून, गाऊन गावोगाव फिरले. त्यांच्या गाण्यांत धर्मांतराचा अभिमान आहे, तसाच, घेतलेलं पेलतो आहोत का, असा आपल्याच माणसांना विचारलेला झणझणीत प्रश्नही आहे. निवड केल्यानंतरची जबाबदारी समूहाने समूहाला विचारावी, असं याआधी मराठी गाण्यात झालं नव्हतं. समीक्षेने या गाण्यांना अनेक वर्षं कवितेच्या पंगतीत बसवलं नाही. हा समीक्षेचा करंटेपणा.

समूहाने केलेल्या निवडीचं दुसरं उदाहरण गोव्याचं. तिथे 16 जानेवारी 1967 ला अख्ख्या प्रदेशाने मतपेटीतून निवड केली. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर ‘फूल’, वेगळं राहायचं तर ‘दोन पानं’. दोन पानांना 1,72,191 मतं पडली, फुलाला 1,38,170. या वादात मराठीचे लाडके कवी बा. भ. बोरकर कोंकणीची बाजू घेणारे, आणि दोन्ही भाषांत लिहिणारे. 1981 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला तो ‘सासाय’ या कोंकणी संग्रहाला.

अलीकडच्या कवितेबद्दल थोडक्यात. ना. धों. महानोर कॉलेज सोडून पळसखेडच्या शेतीकडे परतले आणि त्यातून ‘रानातल्या कविता’ (1967) आल्या. इंद्रजित भालेरावांच्या ‘दूर राहिला गाव’ या संग्रहाचं नावच दुसऱ्या दिशेची निवड सांगतं. शिकलेल्या मुलाने गाव सोडलं, आणि आई-बाप मागे कापसाच्या भावाकडे बघत राहिले. त्या मुलाची कविता आज मराठीत भरपूर आहे, कधी कधी नको इतकी. मागे राहिलेल्या भावाने लिहिलेली कविता मोजकीच. हेमंत दिवटे यांच्या ‘चौतिशीपर्यंतच्या कविता’ आणि ‘थांबताच येत नाही’ या संग्रहांत तर दुकानाच्या फळ्यांवर पर्यायच पर्याय आहेत आणि माणसाला निवडण्याचाच शीण आला आहे.

एक दालन मुद्दाम शेवटी ठेवलं. मराठीत मुलगी लग्न करते त्याआधी ती ‘दिली’ जाते. ‘थोरली कुठं दिली?’ ‘नगरला दिली.’ हे आपण इतकं सहज बोलतो की त्यातलं व्याकरण ऐकू येत नाही. जात्यावरच्या ओव्यांत ते ऐकू येतं. पहाटे दोन बाया समोरासमोर बसून दळतात, जात्याची घरघर चालू, सासू झोपलेली, आणि अशा वेळी तोंडून निघतं ते खरं: बापाने कुठल्या गावाला लोटलं, स्थळ बघताना जमीन पाहिली पण पाण्याची वाट पाहिली नाही, भाऊ न्यायला आला की नाही, लेकीचा जन्म पुन्हा नको. निवड बापाची, परिणाम ओवीत. यात रडगाणं थोडं आणि निरीक्षण फार. पाणवठा किती लांब, हे बापाने बघितलं नव्हतं. ती तीस वर्षं रोज बघते आहे. फ्रॉस्टच्या प्रवाशाला निदान दोन वाटा दिसल्या होत्या. हिला एकच दाखवली, आणि तरी न दाखवलेल्या वाटेबद्दल ती गाते.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यात राहून, महाराष्ट्राच्या गावागावांतल्या बायांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आता त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर वाचायला आणि पुष्कळशा ऐकायलाही मिळतात. तिथे ओवी कुणी गायली त्या बाईचं नाव दिलेलं असतं, आणि नावापुढे गाव. गाव बहुतेकींचं सासरचं आहे.